माह्या अक्षरातलं उत्तर

"परत वाच."

साहेब खुर्चीत मागं रेलून बसले होते. मी टेबलासमोर उभी, हातात कागद. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात त्या दिवशी सहा-सात जण होते, सगळ्यायले खुर्च्या. एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर साहेबाच्या डब्याची पिशवी ठेवली होती.

मी वाचलं. "हे खरे नाही. रुग्णवाहिका उपलब्ध होती. नातेवाईकांनी रुग्णास हलविण्यास विलंब केला." विलंब म्हणताना माही जीभ अडखळली.

"वरून फोन आला आणि तू अशी त-त-प-प केलीस तर फसेन मी. परत वाच."

परत वाचलं. चौथ्यांदा वाचून राह्यली होती तवा बाजूचा बाबू फिदीफिदी हासला. म्हणे, "साहेब, शाळेतल्या कवितेसारखं पाठ झालं आता." सगळे हासले. मी छत्तीस वर्षांची बाई. बारा वर्षांपासून बाळंतपणं करून राह्यली. गावातले निम्मे लेकरं माह्या हातावर जन्मले. आन मले उभं करून खोटं घोकायले लावत होते. मी घोकलं. हे सांगताना आजही लाज वाटते, पन सांगते.

मी कंत्राटी नर्स. माहं घर सिंदी मेघेत, उपकेंद्र तिथून वीस-बावीस किलोमीटर आत. आमचा आदेश अकरा महिन्यांचा निघते. तो संपला का एक दिवस घरी बसवतात, मंग नवा आदेश देतात. त्या एका दिवशी मी कोनीच नसते. आदेशाची फाईल साहेबाच्या हातून जाते, म्हणून वर्षभर साहेबाच्या तोंडाकडं पाहून राहा लागते. जात आता कोनी इचारत नाई. आडनाव इचारतात, मंग गाव इचारतात, मंग गावातली वस्ती इचारतात. एवढं झालं का मंग 'तुम्ही'चं 'तू' होते. परमनंट सिस्टर मीटिंगले बसते, आमी उभ्या राह्यतो.

आता ज्या गोष्टीसाठी मले उभं केलं होतं ते सांगते.

वैशाली चोवीस वर्षांची पोरगी. पयलंच बाळंतपण. नवरा प्रवीण जिनिंगमध्ये कामाले, कापसाचे गठ्ठे उचलते. दिवाळी नुकतीच झालती. दुपारी बाराले तिले मुलगी झाली. चांगली खणखणीत रडली. मी बाहेर जाऊन प्रवीणले सांगतलं, "लक्ष्मी आली रे बाबू." तो नुसता हासत उभा राह्यला. मी आत गेली आन पंधरा मिनिटायनं वैशालीले रक्त जायले लागलं. थांबेच ना. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पोट चोळलं. मले समजलं, हे माह्या हातचं नाई. हिले वर्ध्याले न्यायले पायजे.

आरोग्य केंद्राले फोन केला. गाडी पाठवा. तिकडून उत्तर आलं, "गाडी उभी आहे सिस्टर. डायव्हर कुठून आणू?"

डायव्हरही कंत्राटीच होता. त्याचा आदेश संपला होता, नवा निघालाच नाई. दोन महिन्यांपासून रुग्णवाहिका आवारात उभी होती. धुतलेली, पुसलेली. चावी कपाटात. दुसऱ्या गाडीसाठी फोन लावला त ती भलतीकडंच गेलती.

प्रवीण रस्त्यावर धावला. कापूस भरून एक पिकअप जिनिंगकडं चालला होता. हा गाडीसमोर आडवा झाला. मालकाच्या पाया पडला. मालक भला माणूस, नाई म्हटलं नाई त्यानं. पन गाडी गच्च भरलेली. प्रवीण, मालक आन रस्त्यानं जाणारे दोघं, चौघायनं मिळून कापूस कडेले उपसला. मुठीमुठीनं नाई, कवेत भरभरून उपसला. तरी पाऊण तास गेला. मागं चटई टाकली, वैशालीले झोपवलं. लेकरू प्रवीणच्या मायजवळ दिलं. मी तिच्या पोटावर हात दाबून बसली, प्रवीण तिचं डोकं मांडीवर घेऊन.

पवनारच्या पुलावर आलो तवा तिनं मले इचारलं, "सिस्टर, पोरीले दूध कोन पाजीन?"

मी म्हटलं, "तूच पाजशीन बाई, असं काऊन बोलतं?"

पूल ओलांडला. मंग ती काई बोलली नाई. वर्ध्याच्या दवाखान्यात पोचलो, डॉक्टरनं नाडी पाह्यली, मंग माह्याकडं पाह्यलं. प्रवीणले काईच समजलं नाई. तो म्हणे, "साहेब, लवकर आत घ्या ना तिले."

डिसेंबरात नागपूरले अधिवेशन लागलं. कोन्या आमदारानं प्रश्न टाकला. रुग्णवाहिका न मिळाल्याने महिलेचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास काय कारवाई केली? नसल्यास विलंबाची कारणे काय? असे तीन प्रश्न. प्रश्न नागपूरवरून जिल्ह्याले आला, जिल्ह्यावरून तालुक्याले, तालुक्यावरून माह्या मोबाईलवर. अतितातडीचे, दोन वाजेपर्यंत. लोकायले वाटते मंत्री उत्तर देते. मंत्री वाचते. उत्तर माह्यासारखी बाई लिहिते, उभ्या उभ्या.

मी पयले खरंच लिहिलं होतं. हे खरे आहे. चालकाचे पद रिक्त होते. साहेबानं वाचलं आन टर्रकन फाडलं.

"तुझं अक्षर चांगलं आहे म्हणून बोलावलं. अक्कल मागितली नाही. गाडी होती की नव्हती?"

"होती साहेब. पन डायव्हर..."

"प्रश्नात ड्रायव्हर विचारलाय का? दाखव मला."

नव्हता इचारला. प्रश्नात नुसती रुग्णवाहिका होती.

"मग झालं. उपलब्ध होती, लिही. आता, उशीर झाला ना? दुसरी गाडी कोणी आणली? नवऱ्यानं. मग उशीर कोणाचा?"

बोला! असा हिशेब. ज्या माणसानं चालत्या गाडीसमोर अंग टाकलं, त्याचाच उशीर. मी पेन धरून उभी. साहेबानं टेबलावर बोट वाजवलं. म्हणे, "तुझा आदेश पुढच्या महिन्यात संपतो ना?"

मी लिहिलं. पयल्या प्रश्नासमोर, हे खरे नाही, आन त्याच्याखाली गाडीचं न् नातेवाईकायच्या विलंबाचं वाक्य. बाकी दोघांसमोर, प्रश्न उद्भवत नाही. तशी पद्धतच आहे. पयली गोष्ट नाकारली का मंग पुढचं काई सांगाच लागत नाई. कोनी माहा हात धरून लिहून घेतलं नाई. घरी आई आहे, तिच्या पायाची शुगरची जखम भरत नाई, कमावती मी एकटी. हे सगळं खरं. पन लिहिलं मीच. आन त्यानंतर मले चार वेळा वाचायले लावलं.

आठ दिवसांनी आरोग्य केंद्रात सगळे एकाच मोबाईलभोवती जमले. मंत्री उभा राह्यला, चष्मा लावला आन माहं वाक्य वाचलं. शब्द न् शब्द. आमदार ओरडले, तवा मंत्री म्हणे, शासनाची कुटुंबाप्रति सहानुभूती आहे, तरीही चौकशी करू. लगेच दुसरा प्रश्न सुरू झाला. साहेबाचा फोन आला, "शाबास, सिस्टर." मी मागच्या मोरीत जाऊन ओकली.

तो व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरला. वैशालीच्या माहेरीही गेला. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ चार माणसं घेऊन प्रवीणच्या दारात आला. "सरकारनं भर सभेत सांगतलं, तूच नेलं नाई तिले. बहीण मारली, आता भाचीबी मारशीन का?" पोरगी उचलली आन घेऊन गेले. गावातलं कोनी मधात पडलं नाई. मंत्री खोटं काऊन बोलीन, असं लोकायले वाटलं.

लसीच्या दिवशी प्रवीण उपकेंद्रात आला. हातात नुसतं लसीचं कार्ड. दाढी वाढलेली. बायायची रांग होती, तो मागं उभा राह्यला. सगळ्या गेल्यावर जवळ आला.

"ताई, पोरगी त नेली त्यायनं. कार्ड इथंच राह्यलं. लस कशी देतीन?"

मी कार्ड घेतलं.

"ताई, तुम्ही त होत्या ना तिथं. मी कवा नाई म्हटलं? कवा उशीर केला? मंत्र्याले हे कोनं सांगतलं असीन?"

मी म्हटलं, "मले काय माहीत, बाबू."

कागदावरचं खोटं माह्याकडून लिहून घेतलं होतं. हे मी आपल्या मनानं बोलली. त्याच्या तोंडावर. तो "बरं ताई" म्हणून गेला. त्याचा माह्यावर इश्वास होता, म्हणून आनखीच आग झाली अंगाची.

घरी आईले सांगतलं. आई म्हणे, "गप राय. त्याची बायको काई परत येत नाई. तुही नोकरी गेली त आपुन काय खाऊ?" आईचं चुकलं असंही म्हणता येत नाई. मी कूस बदलून पडून राहो. साहेबाविरुद्ध बोललं त नोकरी जाते, नाई बोललं त त्या माणसाची पोरगी जाते. निंघायले जागाच नव्हती. कोंडवाड्यातल्या ढोरासारखी मी दोन महिने गोल गोल फिरली. मधात आदेश संपला. नवा काई निघाला नाई. साहेब म्हणे, काम सुरू ठेव, पाहू.

मंग चौकशी लागली. साहेबानं आदल्या दिवशी बोलावलं. ड्रॉवर उघडून माहा नवा आदेश दाखवला. टाईप केलेला, नाव बरोबर, सही बाकी. "उद्या चौकशी झाली की सही झालीच समज. पाठ आहे ना?"

चौकशी उपकेंद्रातच झाली. बाहेरच्या जिल्ह्यातून एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. बाजूले साहेब. प्रवीणले बोलावलं होतं, त्याले दारातच उभं केलं. मॅडमनं माहा कागद समोर ठेवला.

"हे निवेदन तुमचंच?"

मी दाराकडं पाह्यलं. तो उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा होता. ज्याची बायको गेली, ज्याची पोरगी नेली, तोच गुन्हेगारासारखा अनवाणी उभा. माह्या मस्तकात सणक गेली.

"लिहिलं मी, मॅडम. पन ते खोटं आहे."

साहेब हासले. "मॅडम, घाबरलीय ती."

"घाबरलीच होती. म्हणून लिहिलं. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेली. गाडी होती, डायव्हर नव्हता. या माणसानं कापसाची गाडी खाली करून बायकोले नेलं. मी त्याच गाडीत होती."

"सभागृहाला खोटी माहिती दिली म्हणून तुझ्यावरच गुन्हा दाखल होईल," साहेब म्हणाले. आवाज चढला होता. "कळतं का तुला?"

"होऊ द्या. पन हे लिहून घ्या."

मॅडमनं पेन खाली ठेवला. "तुम्हाला विचार करायला वेळ हवा का?"

"नाई पायजे."

लिहून घेतलं. मी सही केली. बाहेर आली त प्रवीण तिथंच उभा.

"ताई, तुम्ही लिहिलं होतं?"

"हाव."

शिवी देईन असं वाटलं, ती दिली असती त बरं झालं असतं. त्यानं चपला घातल्या आन गेला. त्यानंतर तो माह्याशी बोलला नाई. त्यानं काऊन बोलावं?

माह्या आदेशावर सही झाली नाई. चौकशीचा अहवाल कुठं आहे, कोनी सांगत नाई. कार्यालयात इचारायले गेली त शिपायानं फाटकातूनच वापस पाठवलं. मंत्र्यानं वाचलेलं वाक्य अजून तसंच लोकायच्या मोबाईलमध्ये आहे. पोरगी अजून मामाकडंच आहे. पालथी पडायले लागली म्हणतात. बापानं पाह्यलं नाई.

म्हणून उद्या सकाळच्या एसटीनं मी वैशालीच्या माहेरी चालली. एकटी. तिच्या मायसमोर उभी राहीन आन सांगीन, तुमच्या जावयानं उशीर केला नाई, केला असं मी लिहिलं. माय मारीन त मार खाईन. भाऊ हाकलून देईन त अंगणात बसीन. पोलीस बोलावले त त्यायलेबी हेच सांगीन. पोरगी तिच्या बापाच्या हातात पडल्याबिगर मी त्या गावातून निंघत नाई.