ताईच्या गच्चीवरचं ऊन

गल्लीत त्याला सगळे 'उन्हाचा वकील' म्हणत. धंदा सोलर बंब बसवण्याचा, पण गिऱ्हाइकापुढे बाजू मांडायचा ती उन्हाची. तुम्ही काच पुसत नाही, गार वारा सुटला की ऊब पळते, यात बिचाऱ्या उन्हाचा काय दोष? एक गोष्ट मात्र तो बजावून सांगे, पॅनल थंडीतल्या तिरप्या उन्हाकडे तोंड करून उभं करायचं. उन्हाळ्यात गरम पाणी हवंय कुणाला?

हा नियम त्यानं एकदाच मोडला, तोही थोरल्या बहिणीच्या गच्चीवर. आईमागे ताईनंच त्याला वाढवलं होतं. तो शाळेत असताना भल्या पहाटे उठून त्याच्यासाठी पाणी तापवायची. त्यामुळे भर उन्हाळ्यात तिच्याकडे बंब बसवताना त्याला धीर निघेना. कधी एकदा तिला कढत पाणी दाखवतो असं झालेलं. त्यानं पॅनल जवळजवळ आडवंच टाकलं. डोक्यावरच्या उन्हानं पाणी असं तापलं की ताईनं चटकन हात मागे घेतला, आणि हा लहान पोरासारखा हसला. पॅनलचे पाय नंतर उंच करू म्हणाला, ते राहूनच गेलं.

पुढे दर हिवाळ्यात तो फोनवर विचारी आणि पाणी मस्त तापतंय, असं ताई सांगे. यंदा थंडीत तो न कळवता गेला, तर ताई दुखरी कंबर सांभाळत गॅसवरचं भरलं पातेलं उतरवत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"ताई, बोलली का नाहीस?"

"किती हौसेनं बसवलंस रे. तुझं तोंड उतरलं असतं."

तो तडक गच्चीवर गेला, पॅनलचे मागचे पाय उंच केले, काच पुसली. दुसऱ्या दिवशी नेमकं आभाळ भरून राहिलं. वकिलाचं अशीलच गैरहजर. संध्याकाळी ताईनं नळाखाली हात धरला आणि सवयीनं म्हणाली, छान तापलंय.

त्यानंही हात धरून पाहिला. "ताई, खरं सांग."

ती जराशी घुटमळली. "कोमट आहे."

त्याला एकदम हलकं वाटलं. उद्या ऊन पडलं की बघू, म्हणत त्यानं पातेलं भरून गॅसवर ठेवलं, आणि पाणी तापल्यावर ते स्वतःच उतरवलं.