दोन फास्ट बोलर आणि एक ओली भिंत

होळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्या आणि दादांच्या घरांमधली भिंत सहा फूट उंच होती. त्याच दिवशी दुपारी तिची उंची सरासरी दीड फूट भरली. (सरासरी म्हणतो, कारण एका टोकाला ती तीन फूट होती आणि दुसऱ्या टोकाला नव्हतीच.) त्या वेळी हजर होते ते असे: मी, माझी बायको शांता, माझे थोरले बंधू म्हणजे दादा, वहिनी, त्यांचा मुलगा दिगंबर आणि शांताचा धाकटा भाऊ सुधाकर. बाहेरचं कोणी नव्हतं. त्यामुळे दोष बाहेरच्या माणसावर ढकलायची सोय राहिली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या देऊळघाटात तेव्हा क्रिकेटचं नवं वारं शिरलं होतं आणि मी क्लबचा सेक्रेटरी होतो. मला खेळता येत होतं म्हणून नव्हे. मी सोसायटीत माल तोलायच्या कामावर होतो, आणि "हा मानूस काट्यावर माशीही बसू देत नाही," अशी माझी ख्याती होती. अंदाज हा शब्द मला सहन होत नाही. नेमकं त्यातच सगळं बिघडलं.

पुढच्या रविवारी धामणगाव बढ्याच्या टीमशी आमची मॅच होती. नवा चेंडू एका बाजूनं सरपंचांचे जावई टाकणार हे पक्कं होतं, कारण चेंडू त्यांनीच आणून दिला होता. दुसऱ्या बाजूनं कोण, हा प्रश्न. उमेदवार दोन, आणि दोघेही माझ्याच घरचे!

दिगंबर दोन वर्षं गावाकडून टाकत होता. बुटका, अंगानं भरलेला, चार पावलं धावून सरळ स्टंपावर टाकायचा. मागच्या साली त्यानं चांगल्या विकेटी काढल्या होत्या. सुधाकर वरवट बकालचा, महिनाभर आमच्याकडे मुक्कामाला आलेला. ताडमाड उंच. धावायला सुरुवात करायचा तो लिंबाच्या झाडामागून, त्यामुळे बॅट्समनला बराच वेळ बोलर दिसायचाच नाही. आणि चेंडू कुठं पडेल हे बॅट्समनला, मला आणि खुद्द सुधाकरलाही ठाऊक नसायचं. पण पडला की माणसं बाजूला व्हायची. हॉटेलात चहावर वाद पेटायचे. एक म्हणे फॉर्म पाहा, तर दुसरा म्हणे अंगातला दम पाहा.

क्लबपुरतंच असतं तर मी चिठ्ठी टाकून मोकळा झालो असतो. पण धामणगावच्या आबारावांची मुलगी सुधाकरला सांगून आली होती. आबाराव मॅच पाहायला येणार होते, आणि तिथंच मुलगाही पाहणार होते.

"सुध्यानं दोन दांड्या उडोल्या का सोयरीक पक्की समजा," शांता म्हणाली. "आन् तुमी त्याले बसोलं, तर मी माहेरी काय तोंड दाखवू?"

भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला. (ती भिंत आवाज अडवण्यासाठी बांधलेली नव्हती. वाटणीच्या वेळी बांधली, तेव्हा हे कोणाच्या लक्षात आलं नाही.) "भाऊजी, दोन वर्सं गावासाठी टाकून राह्यला माहा दिगू. त्याले बसोता आन् सोयऱ्याले खेळोता काय?"

"वहिनी, अजून काही ठरलं नाही," मी भिंतीला म्हणालो.

"मंग ठरवा ना! तोलाचं काम तुमचंच हाय!"

हे बोलणं मी मनावर घेतलं. शनिवारी संध्याकाळीच मधल्या भिंतीला माती आणि कुटाराचा, म्हणजे भुशाचा, नवा गिलावा दिला होता. अजून ओला होता. माझ्या डोक्यात विचार आला: चेंडू या गिलाव्यावर आपटला तर खड्डा पडेल. जितका जोर, तितका खड्डा खोल. उदबत्तीची काडी घालून खोली मोजायची, फूटपट्टीवर धरायची, विषय संपला! ना फॉर्मचा वाद, ना दमाचा. आजही सांगतो, कल्पनेत खोट नव्हती. खोट गिलाव्यात होती.

रविवारी सकाळी दिगंबर आला. चार पावलं, सटकन चेंडू, धप्प! काडी निम्मीअर्धी आत गेली. मी माप सांगितलं. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "माह्या पोराचाच हाय तो!" जणू तो खड्डा बारशाला आला होता.

सुधाकरचा नंबर लागायला उशीर झाला. त्याला धावायला जागा कमी पडत होती. आधी गाय सोडली, मग बैलगाडीचं जू उचललं, मग फाटक उघडलं, तरी तो समाधानी नव्हता. शेवटी तो रस्त्यापलीकडे मारुतीच्या ओट्याजवळ जाऊन उभा राहिला आणि तिथून ओरडला, "दाजी, येऊ काय?"

"ये!"

तो आला खरा, पण तोवर ऊन भिंतीवर चढलं होतं. चेंडू आपटला आणि टण्णकन परत त्याच्याच पायाशी आला. खड्डा असा की काडी उभी राहीना.

"दिगूच!" वहिनी.

"थांबा, थांबा!" शांता कंबर कसून अंगणात उतरली. "त्यानं टाकलं तवा भिंत ओली होती. आता उन्हानं वाळली. ह्ये माप खोटं हाय!"

मला मान्य करावं लागलं. मुद्दा बिनतोड होता. मी एक बादली पाणी भिंतीवर मारलं आणि सुधाकरला पुन्हा मारुतीजवळ पाठवलं. या खेपेला काडी जवळजवळ सगळी आत!

"आता भिंतीचा गारा केला त खड्डा पडनारच!" पलीकडून वहिनी. "दिगूच्या वख्ती कुठं पानी मारलं होतं?"

हाही मुद्दा बिनतोड होता! त्या दिवशी सगळे मुद्दे बिनतोड होते, हीच पंचाईत. मी दिगंबरसाठीही एक बादली मारली. मग लक्षात आलं की सुधाकरच्या बादलीचं पाणी भिंतीत मुरलेलं होतं, म्हणजे दिगंबरला दीड बादली मिळाली. म्हणून सुधाकरला आणखी एक. मग दिगंबरची बाजू हलकी पडली. असं करता करता आड निम्म्यावर आला, पण निकाल लागेना.

एवढ्यात दादा शेतातून आले. ते दगडावर चढून भिंतीवरून डोकावले. दादा शांत माणूस. घरात तंटा झाला की दोन्ही बाजूंना पटेल असा तोडगा काढायची त्यांची हातोटी होती. त्यांचा तोडगा कधी कोणाला फळला नाही, पण पटायचा मात्र सगळ्यांना.

"हे पाय," ते मला म्हणाले, "जरा जरा पानी मारून काही होत नाही. सारी भिंत एकसारखी भिजव. तू तिकडून मार, मी इकडून मारतो. घडीभर मुरू दे. मंग दोघायले एकेक चेंडू टाकू दे. कोनाची कटकट नाही."

"दोन्हीकडून कशाला, दादा?"

"मंग? एका बाजूनं भिजोली, त दुसरी बाजू म्हनन का अन्याय झाला."

मला हे इतकं न्यायाचं वाटलं की मी ताबडतोब बादली उचलली. आम्ही दोघा भावांनी, वाटणीनंतर पहिल्यांदाच, एकाच कामाला एका वेळी हात घातला होता. पाणी खाली पायापर्यंत उतरत होतं. ते पाहून मला वाटलं, चला, मुरतंय छान!

पलीकडे भिंतीला लागूनच वहिनींची बाज होती आणि बाजेवर कुरडया वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, सोऱ्या फिरवून घातलेल्या. हे इथं सांगून ठेवतो.

नाणेफेक झाली. दिगंबर पहिला. चार पावलं, चेंडू सुटला, "पच्च" असा आवाज झाला. चेंडू भिंतीत गेला, आणि आतच राहिला! बाहेर फक्त शिवणीची एक ओळ दिसत होती.

"झालं!" वहिनी म्हणाल्या. "आता अजून काय मोजता?"

सुधाकर मारुतीजवळून ओरडला, "दाजी, म्या कायनं टाकू?"

खरं होतं. चेंडू एकच. मी पुढे झालो. आधी काडी घालून माप घ्यायचा प्रयत्न केला, पण भोकात चेंडूच असल्यामुळे काडी जाईना. तेव्हा चेंडूला दोन्ही बाजूंनी बोटं लावली आणि हळूच ओढला.

"अहो, सांभाळून," शांता म्हणाली.

"सांभाळूनच ओढतोय," मी म्हणालो.

चेंडू आला. त्याच्यामागून एक ढेकूळ आलं. मग भिंतीनं एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज केला, मधोमध पोट पुढे काढलं, जरा विचार केला, आणि "धबाल्!" पलीकडे निजली! समोर दादा रिकामी बादली घेऊन गुडघाभर चिखलात उभे होते. वहिनी हात तोंडावर ठेवून उभ्या होत्या. आणि बाज दिसत नव्हती.

आता फरक एवढाच होता की आमची अंगणं एक झाली होती, आणि वहिनींना ओरडायची गरज उरली नव्हती. तरी त्या ओरडल्या.

"माह्या कुरडयाऽऽ!"

"कोनाचा चेंडू होता बे?" दादांनी विचारलं.

"माहा नाही," दिगंबर म्हणाला. "माह्या चेंडूनं भिंत नाही पडली. काकानं ओढली."

"मी त अजून रस्त्यावरच हाय!" सुधाकर तिकडून म्हणाला.

दोन दणकट तरुण सकाळपासून त्या भिंतीवर मारा करत होते. ती ढळली नाही. पाडली मी, दोन बोटांनी!

सोमवारपासून किसन मिस्त्री भिंतीला लागला. मजूर म्हणून दिगंबर आणि सुधाकर. पक्षपात नको म्हणून मातीच्या टोपल्या मी स्वतः मोजत होतो. एकानं उचलली की दुसऱ्यानंही उचललीच पाहिजे. एकाच्या टोपलीत माती कमी वाटली, तर मी हातानं भर घालायचो. शनिवारी भिंत उभी राहिली आणि त्याच संध्याकाळी दोघांनाही हात कानाच्या वर नेता येईना. दोघांचे खांदे अगदी सारखे गेले. त्यात मात्र कोणालाही खोट काढता आली नाही.

चेंडू पाण्यात फुगला होता. शांतानं तो चुलीजवळ वाळवला, तेव्हा त्याचा आकार कवठासारखा झाला. रविवारी मैदानावर जावयांची एक ओव्हर कशीबशी पार पडली. दुसऱ्या बाजूनं टाकायची वेळ आली, तेव्हा टीममधल्या प्रत्येकानं आधी त्या चेंडूकडे आणि मग स्वतःच्या पाठीकडे, बोटाकडे किंवा गुडघ्याकडे पाहिलं. सगळेच आजारी निघाले. शेवटी कॅप्टन माझ्याकडे वळला. "सेक्रेटरी, ह्ये तुमीच केलं हाय. तुमीच टाका."

तिकडे लिंबाखाली आबाराव खुर्चीवर बसले होते, मैदानाकडे पाठ करून. त्यांना क्रिकेटचं काडीचं वेड नव्हतं. शेजारी सुधाकर, हात मांडीवर ठेवून. आमच्या शांतानं थोडं अंतर राखून सगळं ऐकलं आणि पुढे वर्षभर मला ऐकवलं, म्हणून मला ते पाठ आहे.

"तुमी काऊन खेळून नाही राह्यले?" आबारावांनी विचारलं.

"हात वर होत नाही, मामा. हप्ताभर भिंत बांधून राह्यलो होतो."

"कोनाची?"

"दाजीची. पडली होती."

"मजुरी घेतली?"

"घरचं काम होतं ना. मजुरी कशी घ्याची?"

आबाराव त्याच्याकडे नीट पाहू लागले. आणि नेमका त्याच क्षणी मी धावत निघालो. मीही मुद्दाम लांबून आलो होतो. सगळं बळ एकवटून हात फिरवला. कवठ हातातून निसटलं, बॅट्समनला, कीपरला आणि अंपायरलाही न विचारता आडवं गेलं, आणि थेट आबारावांच्या खांद्यावर बसलं!

शांतानं डोळे मिटले. सोयरीक गेली!

आबाराव सावकाश मागे वळले.

"काय म्हन्ता?" त्यांनी मागच्या माणसाला विचारलं. कोणी तरी हाक मारायला खांद्याला हात लावला, असं त्यांना वाटलं होतं.

मॅच आम्ही हरलो. सोयरीक त्याच संध्याकाळी पक्की झाली. भिंतीबद्दल किसन मिस्त्रीला सहा दिवसांची पूर्ण मजुरी मी दिली. वहिनींना कुरडयांचा गहू दिला, आणि त्यांच्या अंगणात बसून सोऱ्याही मीच फिरवला. सरपंचांच्या जावयांना नवा चेंडू घेऊन दिला. आबारावांच्या खांद्याबद्दल काही द्यायला हवं, हे मला रात्रंदिवस टोचत होतं. साखरपुड्याला त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "त्या दिवशी माझा चेंडू तुम्हाला लागला. त्याची भरपाई काय देऊ?"

"कवा?" ते म्हणाले.