शेरीफच्या हाताखालचा माणूस

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर माझे सासरे आठ दिवस आमच्या क्रांती चौकाजवळच्या फ्लॅटवर राहायला होते. फुलंब्रीकडच्या त्यांच्या गावात ते ग्रामपंचायतीचे जुने सदस्य. सरपंच बदलले, पॅनल बदलली, पण मामा प्रत्येक विजयी मिरवणुकीत जीपवर उभे असायचेच. डॉक्टरांनी टीव्ही बघायला मनाई केली होती. ऐकायला केली नव्हती, असं मामांचं म्हणणं. म्हणून ते काळा चष्मा लावून बसायचे आणि पडद्यावर काय चाललंय ते मी सांगायचो.

एका दुपारी घोडे-पिस्तुलांचा इंग्रजी सिनेमा लागला होता, हिंदीत डब केलेला. त्यात शेरीफच्या हाताखाली एक माणूस होता. सकाळी तो शेरीफच्या घोड्याला खरारा करायचा, दुपारी शेरीफ कुठल्या वाटेनं निघालाय ते दरोडेखोरांना सांगायचा आणि संध्याकाळी दरोडेखोरांचा ठावठिकाणा शेरीफला.

"हा नेमका कुणाकडचा?" बायकोनं विचारलं.

"त्याचं अजून ठरायचंय," मामा म्हणाले. "कामाचा माणूस हाये."

शेवटी भर रस्त्यात दोन्ही बाजू समोरासमोर आल्या आणि हा मधोमध. त्यानं बंदूक उचलली. ती कुणावर रोखतोय हे कळायच्या आतच तो पडला.

"कुणाची गोळी?" मामांनी विचारलं.

"दिसलं नाही."

मामांनी काळा चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाले, "बंदूक उचलायचीच कशाला? त्या दिवशी आजारी पडायचं."

दुसऱ्या दिवशी सरपंच पेरू घेऊन भेटायला आले. त्यांच्यावर अविश्वास ठराव येणार होता. मामा म्हणाले, "मी काय तुमच्या बाहेर हाये व्हय?" संध्याकाळी ठराव आणणारे पुढारी सफरचंदं घेऊन आले. त्यांनाही मामा तेच म्हणाले, त्याच आवाजात. मी दोन्ही वेळा चहा नेला आणि दोन्ही वेळा मान डोलावली.

बायको चिडली. "आण्णा, एकाला तरी खरं सांगा."

"खोटं कुणालाच सांगितलं नाय," मामा म्हणाले आणि पेरू मागितला.

मामा गावी परतले. ठरावाच्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. "जावईबापू, गाडी घेऊन या. डोळा लई ठणकतोय."

मी घाबरून गेलो. वाटेत मामा मजेत गप्पा मारत होते. दवाखान्याच्या फाटकाशी पोचल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला आणि डोळा खसाखसा चोळायला लागले.

"मामा, ऑपरेशनचा डोळा आहे."

"दुसरा चोळतोय," ते शांतपणे म्हणाले.

डॉक्टरांनी थेंब टाकून विश्रांती सांगितली. तिकडे ठराव एका मतानं पडला. सरपंचांना वाटलं, मामांनीच वाचवलं. थोड्याच दिवसांत उपसरपंचाची जागा रिकामी झाली आणि मामा बिनविरोध निवडून आले. विरोधकांनीही हरकत घेतली नाही. मामा बरे असते तर ठराव पास झाला असता, अशी त्यांची खात्री होती.

पुढं भाजीबाजारात ते सफरचंदवाले पुढारी मला भेटले. बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही सोबत व्हता. त्या दिवशी डोळा खरंच बिघडला व्हता का?"

"लालभडक झाला होता," मी म्हणालो.

कुठला, ते त्यांनी विचारलं नाही.