अप्पांचं ‘कावून’

सिरसाळ्याच्या बसलिंगअप्पांना नवं मशीन शिकवायला मी गेलो आणि तासाभरात मलाच घाम फुटला. त्या काळात मी अंबाजोगाईहून मोटारसायकलवर निघून गावोगावच्या दुकानांत कार्डाची मशीन बसवत असे. जुन्या मशीनवर कार्ड घासून सही घ्यायची. नव्यात चिपचं कार्ड खोचायचं, गिऱ्हाइकानं आपला गुप्त आकडा दाबायचा आणि मशीन सांगेल तेव्हाच कार्ड काढायचं. बाकीचे दुकानदार मान हलवून चहा मागवत. अप्पा मात्र कापडदुकानाच्या गादीवर मांडी घालून माझ्या प्रत्येक वाक्यावर विचारत, “कावून?” म्हणजे, का?

मला चार सूचना पाठ होत्या, कारणं कोणाला ठाऊक! शेवटी ऑफिसला फोन लावला. जुन्या कार्डामागच्या काळ्या पट्टीवरची माहिती कायम तीच असते, तिची नक्कल होते. चिप दर वेळी नवा संकेत तयार करते, असं कळलं. अप्पांनी ते डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, “म्हंजी पट्टी कुणालाबी सगळं सांगती. चिप दर खेपंला नवीन बोलती.” पुढे हे वाक्य मी तालुकाभर माझंच म्हणून खपवलं.

गुप्त आकडा कुणालाच सांगायचा नाही, हे ऐकल्यावर मात्र ते चपापले. माल आणायला ते परळीला जात तेव्हा निम्मी गिऱ्हाइकं कार्ड त्यांच्या हातात देत आणि ब्लाउजचं माप सांगावं तसा आकडा मोठ्यानं सांगत. येताना अप्पा त्यांचे पैसे काढून आणत. “पंधरा-वीस जणांचे आकडे मला पाठ हायेत,” ते म्हणाले. त्या दिवसापासून ते मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करू लागले.

लोक हसले. राधाबाई मात्र दुखावल्या. तीस वर्षांचं गिऱ्हाईक, एकट्या राहणाऱ्या, अक्षर-आकडे वाचता येत नाहीत. नातीच्या लग्नाची साडी निवडून त्यांनी सवयीनं आकडा सांगायला सुरुवात केली आणि अप्पांनी त्यांना थांबवलं. “इतक्या वर्सांनी माजा भरोसा न्हाई व्हय?” म्हणून साडी तिथंच टाकून त्या उठल्या. लग्न चार दिवसांवर होतं.

त्याच संध्याकाळी मशीन तपासायला गेलो तेव्हा, एका म्हातारीसाठी नियम बाजूला ठेवा, असं मी सुचवलं. अप्पांना ते पटलं नाही. “आज गादीवर मी हाय. उद्या कोण बसंल, तुमी सांगताव का?”

ते कितीतरी वेळ मशीनची बटणं चाचपत राहिले आणि पाचवर थांबले. “ह्याच्यावर ही पुळी कावून?” शेकडो मशीन बसवूनही ती मला कधी दिसली नव्हती. पुन्हा फोन. ज्यांना दिसत नाही त्यांच्या बोटांसाठी ती असते म्हणे. अप्पा लगेच चप्पल घालून, मशीन घेऊन राधाबाईंकडे निघाले.

राधाबाईंनी आधी तोंड फिरवलं. अप्पांनी त्यांचं बोट त्या पुळीवर ठेवलं. ही मधली पाचाची, हिच्या वर दोन, खाली आठ, दोन्ही अंगाला चार अन् सहा, बाकीचे कोपऱ्यांत. ज्वारीतला खडा बोटांनी टिपणाऱ्या बाईला ते दोन दिवसांत जमलं. मग अप्पांना पाठ असलेला जुना आकडा बदलायला मी त्यांना एटीएमवर नेलं आणि नवा आकडा दाबताना पाठ फिरवली. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “आता लेकालाबी ठावं न्हाई.” त्याच दिवशी साडी घेतली. अप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

गेल्या वर्षी अप्पा गेले. मला फार एकटं वाटलं. इतके प्रश्न विचारणारं माणूस पुन्हा भेटलं नाही. दुखवट्याला राधाबाई अप्पांच्या मुलासाठी टॉवेल-टोपी घेऊन आल्या होत्या. अप्पांचं दुकान बंद, म्हणून दुसरीकडून आणली होती. तिथल्या दुकानदारानं म्हणे कार्ड घेऊन आकडा विचारला.

“मग?” मी विचारलं.

“म्हणलं, मशीन हिकडं दे,” राधाबाई म्हणाल्या, “अन् तोंड तिकडं कर.”