चौथऱ्यावरचं इंजिन

आमच्या गावची छोटी रेल्वे बंद झाली आणि तिचं इंजिन स्टेशनसमोर चौथऱ्यावर चढवलं, ‘आपला वारसा’ अशी पाटी लावून. गाडी सुटण्याआधी चाकं ठोकून बघायचं काम करणारे रामभाऊ आता निवृत्त आहेत, पण आज ते हातोडी घेऊन आले आणि त्यांनी एक चाक ठोकलं. धड चाक घंटेसारखं वाजतं. हे नुसतं ठक्क झालं.

“तडा गेलाय?” मी विचारलं.

“छे हो! चाक धडधाकट आहे. सिमेंटात गाडल्यावर वाजेल कुठून?”

मी पाटी वाचत राहिलो. तेवढ्यात समोरून चहावाला ओरडला, “या, स्टेशनमास्तरांचे चिरंजीव!”

वडील जाऊन वीस वर्षं झाली. मी स्वतः साठीला आलो.

मी निमूटपणे ओ दिली.