पाणी करपू नये म्हणून

“नक्की?” असं विचारून काका खिशातून दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक काढायचे आणि मी दाखवलेल्या नळाला लावायचे. चिकटलं, की नळ परत. “हे चांगलं स्टील नव्हे. तुम्हाला फसवलंय.” कुणी फसवलं ते सांगत नसत, पण बघायचे माझ्याकडेच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शारजाच्या खोर फक्कान या बंदराच्या गावी पाइप-फिटिंगच्या दुकानात मी काउंटरवर होतो. काका बंदरात क्रेनचे इलेक्ट्रिशियन, पन्नाशीचे. पहिले दोन महिने माझ्याशी हिंदीतच बोलले. मी फोनवर बायकोशी मराठीत बोलताना सापडलो, तेव्हा खूश व्हायचं सोडून त्यांचा चेहरा पडला. “आपल्या माणसाला चौकशा फार असतात,” म्हणाले.

चौकशा मला होत्याच, खोटं कशाला बोलू? माझ्या जागी तुम्हीही कान टवकारले असते. आज एक नळ, पंधरा दिवसांनी पाइप जोडायचं एक निपल, महिन्याने दोन वॉशर. अर्धी खरेदी शेजारच्या दुकानात, म्हणजे एकाच माणसाला सगळं कळायला नको. बिल नको, दुकानाचं नाव असलेली पिशवी नको. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “गीझर दुरुस्त करतोय.” एवढ्या वेळात माणूस घर बांधून मोकळा होतो, असं मी मनात म्हणायचो.

मग हीटिंग कॉइलची पाळी आली. मी पाच-सहा काढून ठेवल्या. प्रत्येक कॉइल त्यांनी उलटसुलट करून पाहिली, जोडावर नख घासलं, वासही घेतला.

“यात शिसं नाही ना? नक्की? आणि कमी वॅटची, लांब बघा. फार तापली तर करपतं.”

“काका, पाणी कधी करपतं का?”

त्यांचे कान लाल. गीझर नव्हे, चोरून दारू बनवायचं चाललंय हे ध्यानात आलं आणि मलाच वाईट वाटलं. शारजाच्या हद्दीत दारूला बंदी होती. सापडले तर तुरुंग आणि तिथून थेट विमान; आणि घरी त्यांची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

“बिअर?” मी हळूच विचारलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग मान हलवली.

“अहो, शेजारचं फुजैरा अर्ध्या तासावर आहे, तिथे बंदी नाही. तिथं हॉटेलात मिळते की.”

“मिळते. पण मला प्यायची कुठे आहे एवढी? सहा दिवस दुसऱ्याच्या क्रेन दुरुस्त करतो. एक वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातची व्हावी, एवढंच.” मग काउंटरवर वाकून म्हणाले, “कुणाला सांगणार नाही ना? नक्की?”

“नक्की.”

कॉइल मी जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिली. त्या दिवसापासून मला त्यांचा लळा लागला. पुढच्या खेपेला पातेल्यातलं फसफसणं त्यांनी वर्णन करून सांगितलं, तान्ह्या बाळाचं कौतुक सांगावं तसं. नजर मात्र दाराकडेच.

एका सकाळी पालिकेची दोन माणसं आली. दुकानाचा परवाना पाहिला आणि काकांच्या इमारतीमागच्या गोदामाचा रस्ता विचारला. मी दारात उभा राहून हाताने दाखवत होतो, आणि समोरच्या फुटपाथवर काका. त्यांनी माझा हात पाहिला, तो कुठे वळलाय ते पाहिलं आणि मागे फिरले.

“काका!”

पालिकेच्या माणसांनीही वळून पाहिलं. मी दुसरी हाक गिळली.

आठवडाभर वाट पाहून त्यांच्या खोलीवर गेलो. एका केरळी माणसाने अर्धंच दार उघडलं.

“वो तो गया. खलास. सब सामान तोड के अलग-अलग कचरे में फेंका. इमर्जन्सी छुट्टी लिया, अब वापस नहीं आएगा.”

“पुलिस आई थी?”

“कोई नहीं आया. पाइप की दुकानवाले ने खबर दिया, बोला. अपने मुलुक का आदमी था, उसी पे भरोसा किया, बोला.”

त्याच्या मागे गॅसवर मोठ्या स्टीलच्या पातेल्यात भात शिजत होता. कॉइलसाठी पाडलेल्या भोकात बोल्ट आवळून बसवला होता.

“आप कौन?” त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

सांगायला हवं होतं. मी कुणाला चकार शब्द बोललो नव्हतो, बायकोलासुद्धा. निदान पत्ता तरी मागायला हवा होता. पण तोंडातून निघालं, “ऐसे ही. उनका गाँववाला.”

“कौन सा गाँव?”

गाव त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. मी जिना उतरू लागलो. रस्त्यावर पोहोचेपर्यंत वरचं दार बंद झाल्याचा आवाज आला नाही.