मान डोलवायची सवय

"काढ ते! डोक्यावरचं काढ आधी! काढतो का नाय?"

आई ओरडत होती. मांडीवर अर्धी ओवलेली शेवंतीची माळ, उजव्या हातात फुलं ओवायची लांब सुई, आणि डाव्या हातानं तिनं माझी कानटोपी अशी काही खेचली की टोपीबरोबर माझं मुंडकं मखमलाबादच्या वेशीपर्यंत जाऊन परत आलं. मार्गशीर्षातला बुधवार होता. उद्याच्या गुरुवारच्या पूजेसाठी अख्ख्या नाशिकला हार आणि वेण्या हव्या होत्या, म्हणून अंगणभर फुलांचे ढीग पडले होते. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली माझी बायको सूप हातात धरून जागीच थिजली. टोपी निघाली आणि माझी चोरी उघड्यावर आली. कानावर अडकवलेला माइक, त्यातून खाली सदऱ्यात गेलेली वायर आणि डोक्याला चुंबकानं चिकटलेली रुपयाएवढी चकती.

"चालू हाय ते?" आईनं विचारलं.

मी मान डोलावली. त्या दुपारी माझ्या मानेनं हे एवढंच एक काम वेळेवर केलं.

माझे कान कसे गेले, हे मी आजवर किमान चाळीस प्रकारे सांगितलं आहे. पेठच्या घाटात वाघानं माझ्या कानाशी तोंड आणून डरकाळी फोडली, हा त्यातला एक. वणीच्या गडावर वीज डाव्या कानातून शिरून उजव्यातून निघाली, हा दुसरा. तो सांगताना मी उजवा कान चोळतो, म्हणजे ऐकणाऱ्याला जळल्याचा वासही येतो. सातपूरच्या कंपनीत मी पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो. तिथल्या नव्या पोरांना मी सांगायचो की तीनशे टनाची प्रेस शिंकली आणि मी समोर होतो. खरं असं की नव्वदच्या दशकातल्या एका दसऱ्याला मला ताप आला आणि आठवड्याभरात दोन्ही कान गेले. संपलं. खरी गोष्ट नेहमी अशी तोकडी असते, म्हणून मी ती सांगत नाही.

आमचं घर फुलवाल्यांचं. मी कंपनीत लागलो तरी दसऱ्याला रजा टाकून झेंडू उतरवायला यायचो. त्या चार दिवसांत आमच्याकडे कुणी आजारी पडत नसे, कुणी रुसत नसे, आणि पोटातलं पोरसुद्धा दसरा होईपर्यंत बाहेर यायचं थांबत असे. गावातलं प्रत्येक दार, प्रत्येक रिक्षा, सातपूरमधलं प्रत्येक मशीन त्या दिवशी झेंडू मागतं. दसरा गेला की तोच झेंडू गुरांपुढे टाकायचा.

कान गेल्यावर कंपनीनं मला प्रेसवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. नट आणि बोल्ट काही बोलत नाहीत, त्यामुळे आमचं छान जमलं. पहिली पाळी करून साडेतीनला घरी यायचो आणि आईसमोर फुलं ओवायला बसायचो. ती बोलायची आणि मी मान डोलवायचो.

ह्या डोलवण्याबद्दल सांगायला हवं. मी जन्मजात बोलका माणूस. चार माणसांत "काय? काय म्हणालात?" असं विचारत बसणं म्हणजे मला धोतर सोडून उभं राहण्यासारखं वाटायचं. म्हणून मी युक्ती काढली. समोरच्यानं भुवया उंचावल्या की एकदा डोलवायचं. तो हसला की आपण त्याच्याआधी एक क्षण हसायचं. तो गंभीर झाला की "च्च" करायचं. ह्या जोरावर मी दहा वर्षं काढली. डोलवता डोलवता एकदा मी शेजाऱ्याची म्हैस घेतली, दोन सोयरिकी जुळवल्या आणि एका निवडणुकीत तिन्ही पक्षांना मत कबूल केलं. माझे वडील गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरून बराच वेळ काही सांगितलं. तेव्हाही मी मान डोलावली. ही गोष्ट मात्र मी कुणाला रंगवून सांगत नाही.

आईच्या ओठांवरून काही कळणं तर अशक्यच. दात पडलेले, तोंडात दोरा धरलेला आणि नजर फुलांवर. पण ती बोलायची ते तासन्‌तास. गल्लीतल्या बायकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, ते बायकोनं मला नंतर वहीत लिहून दाखवलं होतं. "माझं ऐकून घेणारा ह्यो एकटाच हाय." आम्ही दोघं त्यावर खूप हसलो होतो.

रोज एक वेळ अशी यायची की आई सुई खाली ठेवायची. तोंडातला दोरा काढायची. सरळ माझ्या डोळ्यांत बघून दोन शब्द बोलायची आणि थांबायची. मी डोलवायचो. मग ती सुई उचलायची. मला वाटायचं, चहा टाकू का म्हणून विचारते. दहा वर्षांत त्या प्रश्नानंतर एकदाही चहा आला नाही, तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती.

पुढे ऑपरेशन करून कानात यंत्र बसवता येतं असं कळलं. खर्च कसा उभा राहिला ती गोष्ट वेगळी, आणि मी सांगायला बसलो तर तिच्यात हत्ती येईल. कंपनीत मी सांगितलं की मला क्रिकेटची कॉमेंटरी ऐकायची आहे. बायकोला सांगितलं की तुझा आवाज ऐकायचा आहे. खरं तर मला आई दहा वर्षं काय बोलत होती ते ऐकायचं होतं. ती सत्तरीच्या पुढे गेली होती आणि मला घाई झाली होती.

गणपतीच्या आधी ऑपरेशन झालं आणि गणपतीनंतर पुण्याच्या दवाखान्यातल्या बाईंनी यंत्र चालू केलं. लोकांना वाटतं की बटण दाबलं की सनई वाजते. माझ्या डोक्यात स्टीलच्या भांड्यांचं अख्खं दुकान जिन्यावरून गडगडत खाली आलं. बाई बोलल्या तेव्हा पत्र्याच्या डब्यात कोंबडी कोंडल्यासारखं वाटलं. बायको पुढे झाली, माझा हात धरून म्हणाली, "अहो, येतंय का ऐकू?" ते मी ओठांवरून ओळखलं. कानात जे आलं ते मिक्सरमध्ये खडा पडल्यासारखं होतं.

मी म्हणालो, "तुझा आवाज अगदी तसाच आहे गं."

ती रडली. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण एवढी मोठी आणि एवढी सरळ चेहऱ्यानं मारलेली दुसरी आठवत नाही.

बाईंनी समजावलं की कान नवे आहेत, मेंदूला शिकवावं लागेल, तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा ऐका. म्हणून बायको रोज सकाळी तोंडापुढे ताटली धरून माझी परीक्षा घ्यायची. वांगी. गवार. कोबी. मी म्हणायचो, गाडी. ती ताटलीआडून माझ्यावर चिडायची आणि ते चिडणं मात्र मला लगेच कळायचं. हळूहळू एकेक आवाज जागेवर बसला. नळाचं पाणी. सुपातला तांदूळ. माझ्याच चपला, ज्या माझ्या मागून कुणीतरी येतंय असं वाटायला लावून मला आठवडाभर घाबरवत होत्या. फुलाचं देठ खुडताना बारीक टच्‌ आवाज होतो, हे मी पन्नाशीला आलो तेव्हा कळलं. कान धड होते तेव्हा तो कधी ऐकलाच नव्हता.

आणि आई गप्प झाली.

यंत्र लावून पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर बसलो, विद्यार्थ्यासारखा. ती फुलं ओवत राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. दसरा आला आणि गेला, झेंडूच्या ढिगांत बसून ती मला "दोरा दे" आणि "सरक" एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "आई, बोल की. आता खरंच येतं मला ऐकू." ती म्हणाली, "काय बोलू? काम कर."

बायकोनं एक दिवस भाजी चिरता चिरता सांगितलं, "तुम्ही ते काढून ठेवता ना आंघोळीआधी, तेव्हा त्या बोलतात. तुम्ही पाठमोरे असता. मी आत आले की थांबतात."

"काय बोलतात?"

"ते तुम्हालाच माहीत. तुमच्याशीच बोलतात."

मग मी माझ्या स्वभावाला शोभेल असंच केलं. मार्गशीर्षात नाशिकची थंडी अशी पडते की चहा ओतला तर धार मध्येच उभी राहते, तेव्हा कानटोपी घालायला कारण शोधावं लागलं नाही. टोपीचे कानापाशी चार टाके उसवले, माइक तिथं बसवला, वायर सदऱ्याच्या आतून घेतली. यंत्राचा रिकामा खोका आईदेखत कपाटात ठेवून दार धाडकन लावलं आणि म्हणालो, "डोकं दुखतं त्यानं. आता लावतच नाही."

आई फुलांकडे बघत होती. थोड्या वेळानं तोंडात दोरा धरून ती बोलायला लागली.

पहिले काही दिवस नुसता पत्रा. मग त्या पत्र्यातून एक शब्द निघाला, दसरा. दोन दिवसांनी ताप. मग झेंडू. ती रोज तेच सांगत होती, त्याच क्रमानं, जपाची माळ ओढावी तसं. बाईंनी जी शिकवणी सांगितली होती ती माझ्या आईकडून आपोआप होत होती. त्या बुधवारी माळ अर्धी झाली आणि सगळे शब्द एका दोऱ्यात आले.

"अंग नुसतं फणफणत होतं तुझं. मला म्हनला, आई, डोकं फुटतंय. आन म्या काय म्हनले? दोन दिस थांब. झेंडू उतरू दे, दसरा होऊ दे, मग जाऊ डॉक्टरकडं. काढा पाजला आन परत वावरात धाडला तुला. तवाच नेला असता तर कान राह्यले असते रे तुझे. फुलापायी घालवले म्या."

मग तिनं सुई खाली ठेवली. दोरा तोंडातून काढला. माझ्या डोळ्यांत बघितलं.

"केलं ना माफ?"

म्हणजे चहाचं नव्हतंच ते. दहा वर्षं ती रोज हेच विचारत होती आणि दहा वर्षं मी रोज मान डोलावून तिला माफ करत होतो, फुकटात, काही न ऐकता. त्या मानेवर ती रात्रीची झोपत होती.

खरं सांगतो, आणि हे मी फार क्वचित म्हणतो. डोलवायला काही लागत नव्हतं. पण माझी मान जागची हलली नाही. मला वडील दिसले, माझा हात धरून बोलत असलेले. ते काय म्हणाले हे मला कधीही कळणार नव्हतं, आणि त्याचं कारण झेंडू होतं. एक क्षण, फार तर दोन, मला आईचा राग आला. तेवढ्यात तिनं ओळखलं. तिला चकती दिसली नव्हती, वायर दिसली नव्हती. न हललेली मान तिला दिसली. म्हणून ती ओरडली आणि टोपीला हात घातला.

मी चकती ओढून काढली. जग एकदम बंद झालं. तिचं तोंड हलत राहिलं, मग थांबलं. सुई माळेत खोचून ती उठली आणि आत गेली. त्या दिवशीच्या वेण्या बायकोनं आणि मी मिळून पुऱ्या केल्या, वाकड्यातिकड्या.

पुढच्या खेपेला पुण्याला गेलो तेव्हा मी बाईंना विचारलं, दोन दिवस आधी डॉक्टरकडे गेलो असतो तर? त्यांनी माझे कागद पुन्हा चाळले. म्हणाल्या, "सांगता येत नाही हो. कदाचित वाचले असते, कदाचित नसतेही. आता कसं सांगणार?"

एवढंच म्हणाल्या. हे एवढंच घेऊन घरी जायला हवं होतं. पण येताना एसटीत चांगले पाच तास मिळाले, आणि मी नाशिकला उतरेपर्यंत ते वाक्य आंबोण खाल्लेल्या म्हशीएवढं झालं होतं. राग कधीच गेला होता. आईला तिची रोजची मान परत द्यायची होती, आणि साधी मान आता चालणार नाही असं मला वाटलं.

ती ओट्यावर बसून फुलं निवडत होती. मी यंत्र लावून, चकती तिला दिसेल असा, समोर बसलो आणि सुरू केलं.

"आई, पुण्याचे सगळे मोठे डॉक्टर एका खोलीत बसवले मी. सात जण. एक तर विलायतेहून आलेला. त्यांनी माझे कागद पाहिले आणि एका सुरात सांगितलं, हा ताप असा होता की त्याच मिनिटाला आणला असता तरी कान जाणारच होते. तुझ्या दोन दिवसांचा काही संबंध नाही. लिहून देतो म्हणाले. आणि माफीचं म्हणशील तर मी केव्हाच केलंय. एकदा नाही, हजार वेळा. मनापासून."

तिनं सगळं ऐकून घेतलं. एक किडलेलं फूल बाजूला टाकलं.

"तुझं काय," ती म्हणाली, "तू कायबी सांगतो."